स्टेलानला सगळं दिसतं

ट्रामने कचकन ब्रेक मारला आणि समोरच्या बाईच्या मांडीवरची कापडी पिशवी कलंडली. पिशवीत सफरचंदं होती. शहराबाहेरच्या आपल्या बागेच्या तुकड्यातून वर्षाची शेवटची फळं उतरवून आणली असणार. ऑक्टोबर संपत आला की नॉरशपिंगमधल्या निम्म्या म्हाताऱ्या बायका अशाच पिशव्या घेऊन ट्राममध्ये बसलेल्या असतात. एक सफरचंद निसटलं, मधल्या वाटेवर पडलं आणि घरंगळत स्टेलानच्या बाजूला आलं. त्याचा डावा पाय बाकाखालून बाहेर सरकला. विचार करून नव्हे. पाय सरकला, जसा तो चालायला लागल्यापासून सरकत आला होता. आणि पाय टेकला तेव्हा सफरचंद तिथून पुढे गेलेलं होतं. मागे टोपीवाला एक म्हातारा बसला होता, त्याने काठीचं रबरी टोक पुढे करून ते अडवलं. "थोडक्यात हुकलं," तो म्हणाला, आणि मग त्याने स्टेलानचा चेहरा पाहिला आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. या शहरात ओळख पटली तरी ती दाखवायची नाही, हा शिष्टाचार आहे. ती बाई फळ पुसून पिशवीत ठेवत आभार मानत होती ते म्हाताऱ्याचे. पुढच्या थांब्याला उतरताना म्हातारा स्टेलानच्या खांद्यावरून हवेत बोलल्यासारखं बोलला, "रविवारी जिंका म्हणजे झालं."

स्टेलानने पाय बाकाखाली ओढून घेतला. कोणी पाहिलं नव्हतं, म्हणजे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, तरी त्याच्या कानशिलांना गरम लागलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा पाय एका सफरचंदाला चुकला, यात काय एवढं? पण ही चूक त्याच्या ओळखीची होती. तो कधीच वेगवान नव्हता. जोरात पळणारे वेगळे, उंच उडी मारणारे वेगळे, गोल करून हात पसरत कोपऱ्याकडे धावणारे तर फारच वेगळे. तो मधल्या फळीतला माणूस. लोकांना वाटतं चेंडू खेळाडूकडे येतो. चेंडू कुणाकडे येत नाही. तो एका जागी जाणार असतो, आणि आपण तिथे आधी जाऊन उभं राहायचं, इतकंच. स्टेलान ते करायचा. पाठीमागे कोण आहे, कोण दमलाय, कोण रुसलाय, कोण आता डावीकडे वळणार आहे, हे त्याला मान न वळवता कळायचं. ओबाका फुटबॉल क्लबचा त्या वेळचा कोच बर्तिल फळ्यावर खडूने रेघा ओढून इतरांना समजावत बसायचा, आणि स्टेलानच्या नावापाशी आला की खडू खाली ठेवायचा. "स्टेलानला सांगावं लागत नाही," तो म्हणायचा. "त्याला सगळं दिसतं." अठराव्या वर्षी हे ऐकलं तेव्हा आठवडाभर स्टेलानचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तो उत्तरेचा. नदीच्या काठी कागदाच्या लगद्याचा कारखाना, कारखान्याच्या वासात गाव, आणि गावात चारचौघांत शक्यतो न बोलणारी माणसं. तिथे 'हो' म्हणायलासुद्धा कुणी शब्द खर्च करत नाही. ओठांचा चंबू करतात आणि हवा आत ओढतात, झालं. कारखान्यात नोकरी लागली तेव्हा वडिलांनी तसंच हो म्हटलं होतं, आईच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तसंच. नॉरशपिंगला आल्यावर पोरांनी त्याची यथेच्छ टर उडवली. "काय रे, दम लागला का? अजून पळायला सुरुवात नाही केली!" मग त्याने सवय मोडली. इथल्यासारखं बोलायला लागला, इथलीच आनेली त्याची बायको झाली, दोनदा देशाकडून खेळला, एक हिवाळा बेल्जियममध्ये घराच्या आठवणीने कुढत काढून परत आला, आणि कुणाला न कळता इथला झाला. हवा आत ओढणं फक्त फार जिवावरचं काही असलं की नकळत व्हायचं. आनेलीशी लग्न करताना पाद्र्यासमोर झालं होतं. पाद्र्याने प्रश्न पुन्हा विचारला होता.

ट्राम नदीवरच्या पुलावर आली. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या विटा ओल्या होत्या आणि सगळ्या शहराला एकच करडा रंग दिला होता कुणी. आज गुरुवार. रविवारचा सामना वर्षाचा शेवटचा, हरलं तर ओबाका वरच्या गटातून खाली. आणि मोन्सला अजून सांगायचं होतं. स्टेलान आता ओबाकाचा कोच होता, आणि सोमवारी सकाळी दाढी करताना त्याचं ठरलं होतं की रविवारी मोन्स खेळणार नाही. मोन्स म्हणजे कॅप्टन, मधल्या फळीतला, तेहेतीस वर्षांचा, गोटलंड बेटावरच्या मेंढपाळ घरातला पोरगा, ज्याला स्टेलानने स्वतः हेरून आणलं होतं. त्याच्या जागी रोबिल खेळणार होता, विशीतला, ज्याच्या आईबापांनी सिरियातून येऊन इथे केस कापायचं दुकान टाकलं. रोबिल तिथे आधी पोचतो. मोन्स या उन्हाळ्यापासून पोचत नाही; म्हणजे पोचतो, पण चेंडूबरोबर पोचतो, आणि चेंडूबरोबर पोचणं म्हणजे उशीर. हे स्टँडमधल्या कुणाला कळलं नसेल. मोन्सला स्वतःला कळलंय का, हे स्टेलानला कळत नव्हतं. सोमवारी सांगू म्हणता म्हणता मंगळवार झाला. मंगळवारी मोन्सच्या मुलीला ताप होता. बुधवारी बाकीचे होते भोवती. घरी आनेली रोज संध्याकाळी एकच विचारायची, "आज काही बोलणं झालं का?" आणि तो म्हणायचा, "उद्या." ती मग त्याच्याकडे जरा वेळ बघत राहायची आणि बटाटे सोलायला घ्यायची.

आपण भित्रे नाही, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. दोन वेळा नाक मोडून घेतलेला माणूस भित्रा कसा? पण समोर बसलेल्या माणसाला 'तू आता नको' म्हणणं हे वेगळ्याच धैर्याचं काम, आणि ते शिकवणारा त्याला कुणी भेटला नव्हता. त्याला स्वतःला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या खेळण्याच्या शेवटच्या शरदात तोही मोन्सएवढाच होता. एका सरावात, ओल्या गवतावर, एक साधा पास त्याच्या बुटाच्या पुढून निघून गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो मात्र उभ्या जागी गार पडला. त्या दिवसापासून तो वाट पाहायला लागला, की बर्तिल बोलावेल, दार लावून घेईल, आणि म्हणेल. रोज वाटायचं आज म्हणेल. बर्तिल काही म्हणाला नाही. एका शनिवारी फळ्यावर अकरा नावं लिहिली होती आणि त्यात त्याचं नव्हतं. बर्तिल त्याच्या शेजारून जाताना थांबला आणि विचारलं, "तुमच्याकडच्या नदीला अजून सॅमन मासा येतो का रे?" स्टेलान म्हणाला, येतो. एवढंच. पुढच्या वसंतात त्याने बूट कायमचे खुंटीला टांगले आणि बर्तिलशी पुन्हा कधी धड बोलला नाही. पुढे अनेक वर्षांनी बर्तिल गेला, तेव्हा चर्चच्या आवारात कॉफीचा कप हातात देत त्याची बायको म्हणाली, "तुझं फार कौतुक होतं हो त्याला. म्हणायचा, एकट्या स्टेलानला मला कधी काही सांगावं लागलं नाही." स्टेलानला त्या क्षणी तो कप कुठेतरी फेकून द्यावासा वाटला होता. त्याने एक बिस्किट घेतलं आणि हवेबद्दल बोलला.

मैदानाच्या थांब्यावर तो उतरला. रोल्ले, खेळाडूंचं सामान सांभाळणारा, दारातच ओले झेंडे वाळत घालत होता. "तुझ्या जाकिटाची चेन दुरुस्त करून ठेवलीय," तो म्हणाला. चेन दोन वर्षं बिघडलेली होती आणि रोल्ले दोन वर्षं म्हणत होता बघू. स्टेलानला बरं वाटलं. शेवटच्या सामन्याआधी सगळ्या क्लबचा जीव असा मऊ होतो. मंगळवारी स्वयंपाकघरातल्या गुन-ब्रिटने त्याच्यासाठी वेलदोड्याचा बन झाकून ठेवला होता, काल गोलकीपरांच्या कोचने जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, ज्या माणसाने वाढदिवसालाही कुणाला कधी हात लावला नव्हता. आणि सोमवारी क्लबचा अध्यक्ष केंट त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता, चौकटीला हात लावून, आणि बराच वेळ नव्या खिडक्यांबद्दल बोलला. या खिडक्यांतून वारा येतो, नव्या बसवायच्या म्हणतोय, तीन काचांच्या. मग "बरं तर" म्हणाला. मग तिथेच उभा राहिला. मग पुन्हा "बरं तर" म्हणून गेला. बिचाऱ्याला रविवारच्या काळजीने झोप लागत नसेल, असं स्टेलानच्या मनात आलं होतं.

सराव चांगला झाला. पाऊस भुरभुरत होता, पोरं बोलत होती, हसत होती. स्टेलान रेघेवर उभा राहून दोनच माणसं बघत होता. रोबिल चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचा, झटकन, कोंबडी बघते तसं. मोन्स बघत नव्हता. मोन्स बघायचा, आधी बघायचा, मग केव्हापासून थांबला? स्टेलानने स्वतःच्या मानेचा अंदाज घेतला. आज ट्राममध्ये सफरचंद येताना आपण सफरचंदाकडेच बघत होतो, हे त्याच्या आता ध्यानात आलं. ते कुठे जाणार याकडे नव्हे. हे म्हातारपण का? की आणखी काही, जे म्हातारपणाच्या आधीच सुरू झालंय आणि ज्याला नाव नाही? जागेवर नजर ठेवणारा माणूस हळूहळू वस्तूवर नजर ठेवायला लागतो, आणि मग वस्तू निघून गेली की रिकाम्या जागेवर पाय आपटतो. एक चेंडू बाहेर येऊन त्याच्यापाशी थांबला. त्याने तो हाताने उचलून परत फेकला. पोरांपैकी कुणीतरी गमतीने ओरडलं, "अरे, हात लागला कोचचा!" आणि लगेच बाकीचे गप्प झाले, जणू आजारी माणसाच्या खोलीत कुणी मोठ्याने हसलं होतं.

सराव संपला आणि पोरं आत गेली. स्टेलान बोळात उभा राहिला. डावीकडे जेवणाची खोली, तिथून गुरुवारच्या पिवळ्या वाटाण्याच्या सूपचा वास येत होता आणि गुन-ब्रिटच्या तव्यावर धिरडी चुरचुरत होती. उजवीकडे खेळाडूंची अंघोळीची जागा आणि तिच्या टोकाला सौनाचं, वाफेच्या खोलीचं, लाकडी दार. त्या दारामागे तो बावीस वर्षांत गेला नव्हता. कोच झाला त्या पहिल्याच दिवशी तो सवयीने टॉवेल गुंडाळून तिकडे निघाला होता, तेव्हा रोल्ले बोळात आडवा आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "वरच्या मजल्यावर पण एक चांगली मोरी आहे. गरम पाणी भरपूर येतं." झालं. नियम कुठे लिहिलेला नाही, पण खेळाडूंच्या सौनात कोच येत नाही. आत पोरं उघडी बसतात, कोचलाच शिव्या घालायच्या असतात त्यांना, आणि त्या घालायलाच हव्यात. त्या दिवशी वरच्या मोरीत एकट्याने अंघोळ करताना स्टेलानला रडू आलं होतं. खेळणं संपलं तेव्हा आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. वर बसून वाफेत गप्प राहणं, घामाचा आणि बर्चच्या लाकडाचा वास, आणि कुणीतरी हातात पळी धरून विचारणं, "पाणी टाकू का?" आणि सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत थांबणं. निखाऱ्यासारख्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ सगळ्यांच्याच अंगावर येते, म्हणून विचारायचं. बाकी आयुष्यात कुणी कुणाला काही विचारत नाही, सांगत नाही. तिथे मात्र न विचारता पळीभर पाणी टाकणाऱ्याला लोक वर्षभर नावं ठेवतात.

पाय चुकला, पाय चुकला, असं त्याच्या डोक्यात चाललं होतं, आणि मोन्स आत होता. मग त्याने रिकाम्या चेंजिंग रूममध्ये कपडे काढले, खुंटीवरचा एक टॉवेल घेतला आणि दार उघडून आत गेला.

आत सहासात जण होते.  एकेक जण उठायला लागला, जसं बसमध्ये आपला थांबा आल्यावर माणूस उठतो, कुणी मान हलवून, कुणी "मला जरा फोन करायचाय" असं पुटपुटून. रोबिल शेवटी उठला. जाताना तो दारात घुटमळला, स्टेलानकडे बघून काहीतरी बोलू पाहत होता, आणि मग नुसताच "बरं वाटलं तुझ्या हाताखाली," असं म्हणून बाहेर गेला. स्टेलानला ते विचित्र वाटलं. उरला मोन्स. तो वरच्या फळीवर कोपऱ्यात बसला होता, लालबुंद, गुडघ्याच्या जुन्या टाक्यांवर हात ठेवून. तो सरकला आणि त्याने जागा केली.

"बस," मोन्स म्हणाला. "म्हणजे सांगितलं एकदाचं."

"कुणी?"

"केंटने. गुन-ब्रिट म्हणत होती, सोमवारी तुझ्या खोलीपाशी गेला होता म्हणून."

"आला होता," स्टेलान म्हणाला. "खिडक्यांबद्दल बोलला."

मोन्सने तळहाताने तोंड पुसलं.  "फक्त खिडक्यांबद्दल?"

"तीन काचांच्या बसवणार आहे. मोन्स, काय सांगायचं होतं त्याला?"

"तुला खरंच माहीत नाही?"

"सांग ना."

"मी नको रे. हे माझं काम नाही." पण आता मागे फिरायला वाट नव्हती, हे मोन्सलाही कळलं. त्याने खाली बघत सांगितलं. "डेन्मार्कचा एक कोच येतोय. रविवारनंतर. जिंकलो तरी आणि हरलो तरी. सह्या झाल्यात. मला पंधरा दिवसांपूर्वी बोलावून सांगितलं, कॅप्टन म्हणून, अचानक कळायला नको म्हणून. मी विचारलं, स्टेलानला? तर केंट म्हणाला, त्याला कळलेलं आहे. म्हणजे कळलंच असणार म्हणाला. त्याला सगळं दिसतं."

 घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि झोंबत होता. आठवडा त्याच्यासमोर उलटा होऊन पडला: जाकिटाची चेन, झाकून ठेवलेला बन, पाठीवरचा हात, चौकटीतला केंट, गप्प झालेली पोरं, रोबिलचं ते वाक्य. आणि आनेली. आनेली गावातल्या वाचनालयात काम करते, तिथे सगळंच येतं. रोज संध्याकाळी विचारणारी, काही बोलणं झालं का, आणि मग बटाटे सोलायला घेणारी. ती मोन्सबद्दल विचारत नव्हती. तिलाही वाटलं असणार की हे सांगणं क्लबचं काम आहे, आपण आधी बोललो तर त्याचा मान जाईल. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. कुणी वाईट नव्हतं यात. सगळेजण पायांचा आवाज न करता त्याच्याभोवती फिरत होते, आणि पाठीमागचं दिसणाऱ्या माणसाला पाठीमागचं सोडाच, तोंडासमोरचं दिसलं नव्हतं. त्याला राग आला. बर्तिलचाच आला पुन्हा, मेलेल्या माणसाचा. तू मला एकच गोष्ट शिकवायला हवी होतीस आणि ती सोडून सगळं शिकवलंस, असं तो मनात त्याला म्हणाला.

"पाणी टाकू का?" मोन्सने विचारलं.

"टाक."

पाणी दगडांवर चरचरलं आणि गरम हवा दोघांच्या खांद्यांवर बसली. 

"मी यासाठी आलो नव्हतो," स्टेलान म्हणाला. "मी तुला सांगायला आलो होतो. रविवारी तू खेळणार नाहीस. रोबिल खेळेल."

मोन्सने मान वळवली नाही. "माहीत आहे," तो म्हणाला. "सोमवारपासून माहीत आहे. तू माझ्या नजरेला नजर द्यायचं बंद केलंस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" मोन्स हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "मला वाटलं, बोलला नाहीयेस म्हणजे अजून ठरलं नसेल. रोज वाटायचं. आणि बाबांचा फोन आला, तर मी काय सांगणार? शनिवारच्या बोटीने येतायत. आई गेल्यापासून बेटावरून हलले नव्हते ते. मेंढ्या शेजाऱ्याकडे सोपवल्यात, नवा कोट घेतलाय. सोमवारी बोलला असतास तर त्यांना नका येऊ म्हणालो असतो. आता तो कोट घालून बसतील तिथे, आणि मी पण बसेन त्यांच्यासमोर बाकावर."

स्टेलानला ते दिसलं. खरोखर दिसलं: नवा कोट, नव्या कोटाची न मोडलेली घडी, आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन मोठे हात. 

"एक बोलू?" मोन्सचा आवाज खाली गेला. "आता तुला काय फरक पडतो? त्यांनी तुला असं केलं. तू अकरात कुणाला घेतलंस, हे सोमवारी तुला कोण विचारणार आहे? अर्धा तास खेळव. निदान बाबांपुरतं."

खरंच, काय फरक पडत होता? स्टेलानने विचार करून पाहिला आणि त्याला गंमत वाटली की मोह किती गोड होता. केंटची खोड मोडेल, म्हातारा टाळ्या वाजवेल, मोन्स जन्मभर नाव काढेल. आणि कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण मधल्या फळीतला उशीर कुणालाच दिसत नाही. फक्त एक पास एका बुटाच्या पुढून निघून जाईल, आणि मोन्स ओल्या गवतावर उभ्या जागी गार पडेल, वडिलांच्या डोळ्यांदेखत, आणि क्लब खाली जाईल, आणि ते ओझं या पोराला मेंढ्यांच्या गावापर्यंत वाहावं लागेल. "नाही," तो म्हणाला. "तू चेंडूबरोबर पोचतोस, मोन्स. आधी पोचायचास, आता बरोबर पोचतोस. सकाळी ट्राममध्ये माझ्यासमोरून एक सफरचंद गेलं आणि माझा पाय त्याच्या मागे पडला. मला फार लाज वाटली. पण माझ्याही पायाचं हे मला तेहेतिसाव्या वर्षीच कळलं होतं आणि मी कुणीतरी सांगेल म्हणून थांबून राहिलो. कुणी सांगितलं नाही. मी तुला सांगतोय. उशिरा सांगतोय, तुझा आठवडा खाल्ला मी, त्याची मला माफी नाही. पण सांगतोय. तुझं खेळणं संपलंय."

मोन्सने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. सौनात एक बरं असतं, घाम कुठला आणि दुसरं काय ते कुणाला वेगळं करता येत नाही. स्टेलान त्याच्याकडे बघत राहिला. या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही. बऱ्याच वेळाने मोन्स नाक ओढून म्हणाला, "बरं झालं कुणीतरी तोंडाने बोललं." मग म्हणाला, "बाबांना मीच सांगतो. येऊ देत. कोट घेतलाच आहे."

स्टेलान उठला. टॉवेल कमरेला घट्ट केला, दार उघडलं, आणि अंघोळीच्या फरशीवरून चालत, कपडे टांगलेल्या खुंटीकडे न वळता, तसाच पुढे बोळात गेला. फरशी गार होती. त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि पावलांचे ओले ठसे मागे राहत होते. रोल्ले त्याला पाहून भिंतीला चिकटला. "स्टेलान, अरे, कपडे," एवढंच तो म्हणू शकला. स्टेलान जेवणाच्या खोलीत शिरला.

सगळे होते. निम्मी पोरं, कचेरीतल्या दोघी, गोलकीपरांचा कोच, आणि गुरुवारच्या सूपला न चुकता येणारा केंट, बशीच्या कडेला मोहरीचा गोळा काढून घेतलेला. चमचे थांबले. ओबाकाच्या इतिहासात जेवणाच्या खोलीत कुणी टॉवेलवर आलं नव्हतं. केंटने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग स्टेलानच्या तोंडाकडे, मग पुन्हा सूपकडे.

"ये ये," केंट म्हणाला. "म्हणजे, कपडे घालून ये आरामात. गुन-ब्रिट, याच्यासाठी गरम ठेव हं. आपण मग बसू, कॉफीनंतर, निवांत."

"आधी सांग," स्टेलान म्हणाला.

"काय सांगू? म्हणजे, इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांना माहीत आहे. मला सांग."

"पण तुला तर माहीतच आहे ना," केंट काकुळतीला आला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि स्टेलानला त्याची थोडी दयाही आली. "तुला कळलंच असणार. तुला नेहमीच सगळं…"

"मला नाही दिसलं," स्टेलान म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि उच्चारल्यावर अंगावरचं काहीतरी जड उतरल्यासारखं त्याला वाटलं. "मला काही दिसलं नाही, केंट. चेन दिसली नाही, बन दिसला नाही. तू दारात उभा होतास तेही दिसलं नाही. म्हणून तोंडाने सांग."

तव्यावरचं धिरडं करपायला लागलं होतं, पण गुन-ब्रिट हलली नाही. केंटने चमचा खाली ठेवला, रुमाल तोंडाला लावला आणि तो उभा राहिला. उभा राहिला, हे त्याच्याकडून चांगलं झालं.

"रविवारनंतर तू आमचा कोच नाहीस," तो म्हणाला. "मंडळाने दुसरा माणूस घेतलाय. मी हे तुला आधीच सांगायला हवं होतं."

 स्टेलानच्या केसांतून पाण्याचा एक थेंब मानेवर उतरला. कारखान्याच्या वासातलं ते गाव, दवाखान्याच्या खोलीत उभे असलेले वडील, पाद्र्याचा गोंधळलेला चेहरा, सगळं एकाच वेळी त्याच्याजवळ आलं. त्याने ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली.

गुन-ब्रिटने धिरडं उलटलं आणि त्याच्यासाठी खुर्ची मागे सरकवली.